मंडळी म्हणजे नेमकं कोण?

महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री आमच्या माहेरच्या घरात काळ्या मनुकांचा वास भरलेला असायचा. सकाळी भिजत घातलेल्या मनुका आई रात्री मंद आचेवर उकळायची, गार झाल्या की हातानं कुस्करायची आणि धुतलेल्या पांढऱ्या फडक्यातून गाळायची. फडकं पिळता पिळता तिची बोटं जांभळी व्हायची. तो गडद रस तांब्यात भरून वर ताटली झाकून ठेवला, की आम्हा मुलांना त्या कोपऱ्याकडं जायला बंदी. एकदा शेजारच्या वैनी विरजण मागायला आल्या आणि दारातच थांबल्या.

"एवढं कसलं सरबत करूलालाय?"

"उद्या प्रभुभोजन आहे ना, त्याचं."

"भोजन? एवढ्या लोकांना एवढाच रस?"

आईनं हसून विरजणाची वाटी त्यांच्या हातात दिली. तिला सांगायचं बरंच होतं, पण चुलीपाशी उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं. पुढं तोच प्रश्न मला अनेक तोंडांनी भेटला. बसमधल्या बायका, मुलीच्या शाळेतले पालक, बाजारातली ओळखीची भाजीवाली. तुम्ही आत जाऊन करता काय, मानता काय? विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा कुतूहलच असतं, आणि कुतूहलाला नीट उत्तर मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं. माझं माहेर बेळगावातलं, मराठी बोलणारं, मेथडिस्ट, म्हणजे पोपपासून वेगळ्या झालेल्या प्रॉटेस्टंट पंथांपैकी एका पंथाचं. सासर खानापूर तालुक्यातलं, पोपला मानणारं, कॅथलिक. घरात कोकणी, शेजाऱ्यांशी मराठी, कचेरीत कन्नड. त्यामुळं ख्रिस्ती धर्माची दोन घरं मी आतून पाहिली आहेत.

आधी शब्द नीट पाहू. चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इमारत येते. उंच मनोरा, घंटा, रंगीत काचांच्या खिडक्या. बेळगावच्या कॅम्पात तशी जुनी चर्चं आहेतही. इंग्रजांच्या छावणीसाठी बांधलेल्या सेंट मेरीज चर्चचं समर्पण १८६९ साली झालं. पण मराठी बायबलात या जागी येणारा शब्द आहे 'मंडळी'. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया', म्हणजे हाक मारून एकत्र बोलावलेले लोक, सभा. आमच्या सासरी चर्चला 'इगर्ज' म्हणतात. तो पोर्तुगीजांकडून आलेला शब्द त्याच एक्लेसियाचा वंशज. येशूच्या नंतरची पहिली दोनेकशे वर्षं ख्रिस्ती लोक बहुतेक करून एकमेकांच्या घरांतच जमत. चर्च होतं, चर्चची इमारत नव्हती. येशूचा एक शब्द आहे, दोघं-तिघं माझ्या नावानं जमतात तिथं मी असतो. म्हणून गावात चर्चची इमारत नसली, एखाद्या घराच्या सोप्यात सतरंजी टाकून दहा माणसं बसली, तरी मंडळी पुरी भरली.

या शब्दाची मराठीतली आणखी एक छटा मला फार आवडते. माझे आजोबा पाहुण्यांशी बोलताना आजीला 'आमची मंडळी' म्हणायचे. येशूचा प्रेषित पौल बायबलात ख्रिस्त आणि मंडळी यांच्या नात्याला दाखला देतो तो नवरा-बायकोचाच. मराठीनं ही सोय आधीच करून ठेवली होती.

आमच्या भागात ही मंडळी मुख्यतः दोन वाटांनी आली. एक वाट गोव्याची. पोर्तुगीज अमलात घाट चढून आलेली कॅथलिक कुटुंबं खानापूर, नंदगड, लोंढा या पट्ट्यात रुजली, शेती करू लागली. १९५३ साली बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालचा भाग, झाला. कॅम्पातलं फातिमा कॅथेड्रल हे त्याच्या बिशपांचं चर्च. दुसरी वाट इंग्रजी राजवटीतल्या मिशनऱ्यांची. लंडन मिशनरी सोसायटीनं १८२० साली बेळगावात काम सुरू केलं आणि १९०४ साली ते अमेरिकन मेथडिस्टांच्या हाती सोपवलं. पाट्यांवर वेगवेगळी नावं दिसतात त्याचं कारण असे वेगवेगळे उगम. पुढं बऱ्याच प्रॉटेस्टंट पंथांनी एकत्र यायचं ठरवलं. दक्षिणेत १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडिया झालं, उत्तरेत १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. आमचे अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट त्या एकीकरणात गेले नाहीत. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या नव्या पेंटेकॉस्टल मंडळ्या त्याहून निराळ्या. पण पाया विचाराल तर सगळ्यांचा जवळपास एकच.

तो पाया शंभर-सव्वाशे शब्दांत बांधून ठेवलेला आहे. माहेरी त्याला 'प्रेषितांचा मतांगिकार', म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणत, उपासनेत सगळे उभे राहून तो म्हणतात. सासरी कोकणीत त्यात 'सत मानतां' असे शब्द येतात, खरं मानते. लहानपणी मी तो पाढ्यासारखा म्हणायची. त्यातल्या एकेका ओळीत काय भरलेलं आहे ते मोठेपणी उलगडत गेलं.

पहिली गोष्ट, देव एक. इथं हमखास प्रश्न येतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणता, मग तीन झाले की. नरसोबाच्या वाडीला नेमानं जाणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीनं विचारलं होतं, "म्हणजे आमच्या दत्तासारखं का?" प्रश्न चांगला आहे, कारण एक आणि तीन एकत्र असू शकतात हे तिला मुळातच अवघड वाटत नव्हतं. पण दोन्हींत फरक आहे. त्रिमूर्तीत उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामं वाटलेली आपण ऐकतो. ख्रिस्ती शिकवणीत तशी वाटणी नाही; प्रत्येक कामात तिघंही आहेत. याला 'त्रैक्य' म्हणतात. हा शब्द बायबलात कुठंही नाही. येशूची ओळख झालेल्या लोकांना जो अनुभव आला, तो शब्दांत पकडता पकडता चर्चला तीनशेहून जास्त वर्षं लागली, आणि ३२५ साली नायसिया इथं व ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल इथं भरलेल्या परिषदांत त्याची मांडणी पक्की झाली. मला त्यातलं समजलं ते असं. देव आधी एकटा होता आणि मग प्रेम करायला त्यानं जग केलं, असं नाही. तो मुळातच नातं आहे. प्रेम करणारा, ज्याच्यावर प्रेम आहे तो, आणि त्या दोघांतलं प्रेम. 'पुत्र' या शब्दाचा अर्थ देवाला मूल झालं असा कुणीच घेत नाही. बापाचं जे आहे ते सगळं ज्याच्यात आहे तो पुत्र, असा तो अर्थ.

दुसरी गोष्ट येशूची. देव माणूस झाला, हे मंडळीचं म्हणणं. अवतार म्हटलं तर आपल्याला लगेच कळतं, म्हणून आम्हीही कधी कधी तो शब्द वापरतो. फरक एवढाच की इथं तो एकदाच घडला असं मानलं जातं, आणि त्यात देव खराखुरा माणूस झाला: भूक लागणारा, थकून होडीत झोपणारा, मित्राच्या थडग्यापाशी रडणारा. मतांगिकारात येशूच्या आयुष्यातलं फार थोडं आहे, पण एका रोमन अधिकाऱ्याचं नाव मात्र आहे, पंतय पिलात. दर रविवारी जगभर या माणसाचं नाव का घेतात, हे मला शाळेत असताना कोडं होतं. उत्तर सोपं आहे. तो यहूदिया या रोमन प्रांताचा सुभेदार होता, इसवी सन २६ ते ३६ या काळात. त्याचं नाव कोरलेला दगड १९६१ साली त्याच प्रांतातल्या कैसरिया शहरात सापडला. ही कथा 'फार फार वर्षांपूर्वी एका नगरात' अशी सुरू होत नाही. अमक्याच्या अमलात, अमक्या गावाबाहेर हे घडलं, असं मंडळी तारखेनिशी सांगते. येशू नासरेथ नावाच्या आडगावचा सुतार होता, आणि पिलातानं त्याला गुन्हेगाराचं मरण दिलं. माहेरी त्या लाकडाला 'वधस्तंभ' म्हणतात, सासरी 'क्रूस' किंवा 'खुरीस'.

आता ज्या गोष्टीवर सगळं फिरतं तिकडं येते. पाप आणि कृपा.

मराठीत पाप म्हटलं की कृत्य डोळ्यांसमोर येतं. चोरी केली, खोटं बोललं, कुणाचा तळतळाट घेतला. ख्रिस्ती शिकवणीत कृत्यं आहेतच, पण त्याआधी पाप म्हणजे नातं तुटणं, घराकडं पाठ फिरणं. हे येशूनं व्याख्या देऊन सांगितलं नाही, एक गोष्ट सांगितली. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, ती आहे. आमच्या सीमाभागातल्या कुणाही शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

एका बापाला दोन लेक. धाकटा म्हणतो, माझी वाटणी आत्ताच दे. बाप धडधाकट असताना वाटणी मागणं म्हणजे काय, हे ज्यानं सातबारा किंवा उतारा हातात घेऊन भावाभावांत बसून पाहिलंय त्याला ठाऊक आहे. तू माझ्या लेखी गेलासच, असं ते तोंडावर सांगणं असतं. बाप वाटणी देतो. पोरगा सगळं विकून परमुलखात जातो, उधळतो. दुष्काळ पडतो. शेवटी डुकरं राखायची पाळी येते, आणि डुकरांपुढच्या शेंगा खाव्यात असं वाटण्याइतकी भूक. तिथं तो भानावर येतो आणि मनात एक वाक्य जुळवतो: बाबा, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला गडी म्हणून ठेवा. हे वाक्य घोकत घोकत तो परततो. बाप त्याला लांबूनच पाहतो, म्हणजे वाटेकडं डोळे लावून बसलेलाच असणार. आणि तो धावत सुटतो. घरातला कर्ता म्हातारा धोतर सावरत गावादेखत पळतोय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. पोराचं घोकलेलं वाक्य तो पुरं होऊच देत नाही. चांगला अंगरखा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत वहाणा घाला. गड्याला वहाणा नि अंगठी कोण देतं? मुलाला देतात.

बहुतेक लोक गोष्ट इथंच संपवतात. पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. थोरला शेतातून येतो, घरातून वाजपाचा आवाज ऐकतो, गड्याला विचारतो, आणि आत यायला नकार देतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. थोरला म्हणतो, इतकी वर्षं मी राबलो, तुमचा शब्द मोडला नाही, मला कधी करडू तरी दिलंत का? आणि हा तुमचा मुलगा येतो तर पंगत! 'माझा भाऊ' असं त्याच्या तोंडून निघत नाही. बाप मात्र सावकाश सांगतो, हा तुझा भाऊ. आणि गोष्ट तिथंच थांबते. थोरला आत गेला की नाही, येशू सांगत नाही. ऐकायला समोर कोण होतं ते पाहिलं की कारण कळतं: नियम काटेकोर पाळणारे, आणि हा पाप्यांच्या पंगतीला बसतो अशी तक्रार करणारे धार्मिक लोक. धाकटा घर सोडून हरवला होता, थोरला घरात राहून.

ही गोष्ट समजली की 'कृपा' हा शब्द समजतो. मुलगा म्हणून परत घेतलं जाणं हे कमवता येत नाही. उपासतापासानं नाही, देणग्यांनी नाही, चर्चला न चुकता जाण्यानंही नाही. ते दिलं जातं आणि घ्यायचं असतं. आपल्याकडं पुण्याचा साठा करण्याची कल्पना खोल रुजलेली आहे, आणि खरं सांगायचं तर ख्रिस्ती घरांतही ती सुटत नाही. आमच्यातले पुष्कळजण मनातून थोरले भाऊच असतात.

मग कसंही वागलं तरी चालतं का? नाही. माफी मिळाल्यानं माणूस बदलतो, बदलला म्हणून माफी मिळत नाही, एवढाच क्रम उलटा आहे. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत हे येतं. मराठी बायबलात तिथं 'ऋण' हा शब्द आहे: आम्ही आमच्या ऋणकोंना जसं सोडलं, तसं तू आम्हाला सोड. सावकाराच्या वहीत ज्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं आहे त्याला ऋण सुटणं म्हणजे काय ते विचारा. आणि ज्याचं सुटलं त्यानं दुसऱ्याच्या मानेवर बसू नये, एवढी अट त्यात आहे. त्याच प्रार्थनेत 'रोजची भाकर' मागितलेली आहे. महिन्याची नाही, वर्षाचं कोठार नाही. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला यापेक्षा जवळची प्रार्थना कुठली?

येशूच्या मरणाचा या कृपेशी काय संबंध, हे चर्चमध्ये अनेक परींनी सांगितलं गेलं आहे. कुणी म्हणतं, आपलं ऋण त्यानं फेडलं. कुणी म्हणतं, मरणाच्या गोटात शिरून त्यानं मरणाला हरवलं. कुणी म्हणतं, देव माणसासाठी किती लांब येतो ते तिथं दिसलं. मंडळी हे सगळे दाखले वापरते. चर्चमध्ये फूट पडण्याआधीच्या जुन्या परिषदांनी त्रैक्याचे शब्द तोलून मापून ठरवले, पण क्रूसाचं असं एकच एक स्पष्टीकरण ठरवलं नाही. मला तो शहाणपणा वाटतो.

मरणानंतर तिसऱ्या दिवशी येशू पुन्हा जिवंत उठला, हे पुनरुत्थान. पौलानं ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला स्वच्छ लिहिलं आहे, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. उपासना रविवारी होते ती याचमुळं. तो उठला तो रविवार होता. नाताळचा गाजावाजा जास्त, पण मोठा सण ईस्टर. पंचांग पाहणाऱ्यांना गंमत वाटेल, ईस्टर चंद्रावर चालतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान मागंपुढं होतो. माहेरी त्या दिवशी पहाटे उजाडायच्या आधी आम्ही दफनभूमीत जमायचो. आजी-आजोबांच्या कबरी आदल्या दिवशी धुतलेल्या, वर शेवंती आणि मेणबत्त्या. तिथंच उभं राहून गाणी. मेलेल्यांच्या गावात जाऊन जगण्याची गाणी म्हणायची, याचा अर्थ आई गेल्यानंतरच्या ईस्टरला मला कळला.

मग पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा आला, तो पेंटेकॉस्ट. मंडळीचा वाढदिवस म्हणा. यरुशलेमेत देशोदेशीचे लोक सणाला जमले होते. शिष्य बोलू लागले आणि प्रत्येकाला ते आपापल्या भाषेत ऐकू आलं. सगळ्यांची एक भाषा झाली, असं तिथं लिहिलेलं नाही. ज्याची त्याची भाषा तशीच राहिली, आणि देवाचं बोलणं तिच्यातून आलं. आमच्या सीमाभागात भाषेवरून काय काय झालं आहे ते मी सांगायला नको. आमच्याकडं एकाच चर्चमध्ये एका रविवारी मराठी, कन्नड, इंग्रजी, कुठं कोकणी अशा वेगवेगळ्या वेळांच्या उपासना होतात. नाताळच्या रात्री त्या एकत्र येतात तेव्हा तीच चाल चार भाषांत एका वेळी गायली जाते, शब्द एकमेकांत मिसळतात, आणि कुणी कुणाला थांबवत नाही. मराठीला तर या कामाची जुनी सवय आहे. फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट नावाच्या कॅथलिक संघातल्या इंग्रज धर्मगुरूचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. पुढं १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजनं आणि अभंग लिहिले. पेटी-तबल्यावर ती आजही आमच्याकडं गातात.

हे झालं मानण्याचं. मंडळी कशासाठी असते, याचं माझं उत्तर त्या तांब्यातल्या रसापाशीच आहे.

येशूनं मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांसोबत शेवटचं जेवण केलं. भाकर मोडली, प्याला दिला, आणि माझ्या आठवणीसाठी हे करत जा म्हणाला. तेच हे प्रभुभोजन. कॅथलिक लोक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, म्हणतात की ती भाकर आणि तो द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. मेथडिस्ट म्हणतात, भाकर भाकरच राहते, पण तो तिथं खरोखर भेटतो. मेथडिस्ट परंपरेत मद्य वापरत नाहीत, म्हणून आईच्या मनुका. दोन्हीकडं माणसं पुढं येतात, माहेरी कठड्यापाशी गुडघे टेकतात. कठड्यापाशी डॉक्टरीणबाई असतात, शेजारी त्यांच्याच दवाखान्यात फरशी पुसणारी मावशी असते. दोघींच्या तळहातावर बोटभर रुंद पावाचा सारखाच तुकडा. एवढ्या लोकांना एवढाच रस का, तर पोट भरायला नसतो तो. एका ताटातले आहोत हे अंगात भिनावं म्हणून असतो.

ते नेहमी भिनतं का? जातीबद्दल इथं बोललंच पाहिजे. पौल लिहितो, ख्रिस्तात यहुदी आणि परका, दास आणि मोकळा, स्त्री आणि पुरुष असा भेद उरत नाही. या एका वाक्यासाठी आपल्याकडच्या कित्येक दलित कुटुंबांनी मंडळीची वाट धरली. आणि तरी लग्न जुळवताना मंडळीतल्याच लोकांनी मूळ गाव आणि मूळ आडनाव खोदून विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. शिकवणीत खोट नाही, वागण्यात आहे, असं म्हणून ते झटकता येत नाही. एका ताटातून उठून वेगळ्या पंगतीला बसणाऱ्यांनी ते ताट खोटं पाडलेलं असतं.

मंडळीत येण्याचं दार म्हणजे बाप्तिस्मा, पाण्याचा संस्कार. कॅथलिक आणि मेथडिस्ट तान्ह्या बाळालाही देतात, काही पंथ कळत्या वयातच आणि पूर्ण पाण्यात बुडवून. कॅथलिक सात संस्कार मानतात, त्यांत लग्न, पापांची कबुली, आजाऱ्याला तेल लावणं हेही येतं; प्रॉटेस्टंट बहुतेक दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन.

सेवा हा मंडळीचा दुसरा हात. बेळगावात सेंट पॉल्स शाळा १८५६ पासून आहे, बेनन-स्मिथ हायस्कूलच्या नावात जुन्या मिशनऱ्यांची आठवण आहे. आमच्याकडची जुनी माणसं अवघड दुखणं निघालं की रेल्वेनं मिरज गाठायची, डॉक्टर विल्यम वानलेस यांनी उभ्या केलेल्या मिशन दवाखान्यात. पण सेवा म्हटलं की मला आधी आठवतात त्या मंडळीतल्या बायका, कुणाच्या घरी मयत झाली की न सांगता तीन दिवस डबे पोचवणाऱ्या.

यावर कुणी सरळ विचारतं, हे सगळं धर्म बदलायला लावण्यासाठीच ना? प्रश्न टाळू नये असं मला वाटतं. आपल्याला जे मिळालं ते दुसऱ्याला सांगावं, हे मंडळीच्या कामात आहे. त्याला 'साक्ष' म्हणतात. साक्ष देणारा पाहिलेलं सांगतो, आणि ऐकणारा ते माने किंवा न माने. पैसा, नोकरी किंवा धाक दाखवून दिलेला बाप्तिस्मा हा कृपेच्या शिकवणीचाच अपमान आहे, कारण जी गोष्ट विकत मिळत नाही असं आपण सांगतो तीच आपण विकायला काढली असा त्याचा अर्थ होतो. असं कुणी करत असेल तर त्याला सगळ्यांत आधी मंडळीनं अडवायला हवं.

पैशाचा विषय निघाला आहे तर कापणीच्या सणाबद्दल सांगते. सुगी झाली की एका रविवारी लोक आपल्या पिकातला, कमाईतला पहिला वाटा घेऊन येतात. वेदीसमोर भाताची पोती, भुईमुगाच्या शेंगा, रताळ्यांच्या टोपल्या, ऊस, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. ज्यांना शेती नाही त्या बायका चकल्या नि कुंदा करून आणतात. उपासनेनंतर अंगणात लिलाव. एक लाल भोपळा शंभराला जातो, घेणारा तो परत मंडळीला देतो, पुन्हा बोली लागते, दीडशे, पुन्हा परत. असा एकच भोपळा चार-पाच वेळा विकला गेलेला मी पाहिला आहे. त्यातून पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, पगार, छपराची डागडुजी, एखाद्या मुलीच्या नर्सिंगची फी असं निघतं.

तुम्हाला कधी यावंसं वाटलं तर खुशाल या, पत्रिका लागत नाही. चपला दाराशी काढलेल्या दिसल्या तर काढा, नसतील तर घालूनच आत जा. मागच्या बाकावर बसा. सगळे उठले की उठावं, बसले की बसावं. गुडघे टेकायची सक्ती नाही. अर्पणाची पिशवी फिरते तेव्हा ती नुसती पुढं दिली तरी कुणी वाईट मानत नाही. प्रभुभोजनाला लोक पुढं जातील तेव्हा आपण जागेवरच बसून राहावं, कारण ते बाप्तिस्मा घेतलेल्यांचं आहे. संपल्यावर दारात पाळक हात मिळवतील, जय ख्रिस्त म्हणतील. तुम्ही नमस्कार म्हणा.

कापणीच्या सणाला मात्र बोली कुणीही लावू शकतं. विरजण मागायला आलेल्या वैनी पुढं एका वर्षी आईबरोबर आल्या होत्या, पदर सावरत मागच्या बाकावर बसल्या, आणि अंगणात रताळ्यांच्या टोपलीसाठी दोघा पुरुषांच्या वर बोली चढवत गेल्या. टोपली त्यांनाच मिळाली. संध्याकाळी त्यातली निम्मी रताळी उकडून, वर गूळ घालून त्यांनी आमच्याकडं पाठवली, विरजणाच्या त्याच वाटीत जेवढी मावली तेवढी, आणि उरलेली ताटात.